डोंगराकडे पाठ

अंबूबाईच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. सतरंजीवर चौघे पुरुष मांडी घालून बसलेले, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आतून येत होती, आणि नेमकी त्याच वेळी माझी वहिनी बनाबाई डोक्यावर हंडा घेऊन दारातून आत आली. तिनं हंडा चुलीजवळ उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि पाहुण्यांकडे वळून विचारलं, "कोन वं तुमी? माझ्या घरात न इचारता कसं बसला?"

घर अंबूबाईचं होतं. वहिनीचं घर रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर.

झालं ते एवढंच. पण पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले, सोयरीक मोडली, आणि दिवस मावळायच्या आत साऱ्या गावठाणानं ठरवून टाकलं की गेनबाची बायको पार वेडी झाली. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. म्हातारपणी माणूस निवतं असं लोक म्हणतात. मी काही निवलेली नाही. ते दिवस आठवले की अजून माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडतात.

गेनबा माझा थोरला भाऊ. आमची वाडी भोरच्या मावळतीला, नदीच्या वरच्या अंगाला होती. एसटीचा रस्ता संपायचा, मग पायवाट, आणि पायवाट पुढं वेल्ह्याच्या डोंगरात शिरायची. मी लग्न होऊन भोरात आले, मास्तरांचा संसार केला, पण दर उन्हाळ्यात वाडीला जाऊन राहायची. पुढं धरण झालं आणि वाडी पाण्याखाली गेली. भाऊ त्याच्या आधीच वारला, ते एक बरं झालं. वहिनीला, तिच्या मुलाला इंद्रजितला आणि सून सुलक्षणाला तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भोंगवलीच्या बाजूला, सपाटीवर प्लॉट मिळाला. तिथं जे नवं गावठाण वसवलं त्यात आमच्या वाडीची सगळी घरं आली. सगळी घरं आली म्हणजे वाडी आली, असं सरकारला वाटलं.

वाडी कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीत डावं-उजवं कुणी म्हणत नसे. वरलं अंग आणि खाललं अंग, एवढ्यावर सगळं भागायचं. डोंगर वर, नदी खाली. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "खाल्ल्या अंगाचा डबा दे," आणि आम्हा पोरांना बरोबर कळायचं. झोपताना डोकं डोंगराकडे, पाय नदीकडे. एकूण एक घराची पाठ डोंगराला आणि दार नदीकडे. कुणी तसा नियम केलेला नव्हता. दार डोंगराकडे ठेवलं असतं तर पावसाळ्यात वरून येणारा लोंढा थेट चुलीत शिरला असता, म्हणून पणजोबांच्या पणजोबांनी ते तसं बांधलं आणि पुढच्यांनी तसंच चालू ठेवलं. त्यामुळे झालं काय, की बाहेर पडायचं म्हणजे उतरायचं आणि घरी यायचं म्हणजे चढायचं. कुठूनही या, शेवटची चार पावलं चढाचीच. डोक्यावर हंडा, काखेत पोर, पायाखाली चिखल, अंधार पडलेला, तरी बाई डोळे मिटून आपल्या उंबऱ्याशी पोचायची. मांडीच्या शिरा तिला सांगायच्या की आलं घर. कारवीच्या कुडाचा वास नंतर यायचा, आधी तो चढ.

आणि ही माणसं उचलून ठेवली कुठं? मोजणीवाल्यांनी साखळी टाकून दोन रांगा आखल्या. मधून रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारं, टोकाला नळकोंडाळं. सगळी घरं एकाच मापाची, वर एकाच जातीचा पत्रा, आणि दारांना एकच निळा रंग, कारण तो नसरापूरच्या एकाच दुकानात स्वस्त मिळाला होता. जमीन नजरेला तव्यासारखी सपाट. ज्या माणसानं हा नकाशा काढला त्यानं कधी कुणाच्या डोक्यावर भरलेला हंडा देऊन त्याला चालायला लावलं असतं तर! पण तेवढी फुरसत कुणाला होती?

सोयरीक मोडली त्या आठवड्यात इंद्रजितचा फोन आला. "आत्या, येऊन जावा. आईचं कायतरी ठरवाया पायजे." मी एसटीनं गेले. दारातच सुलक्षणानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चहा टाकायच्या आधीच सगळं भडाभडा सांगून टाकलं. पोरगी वाईट नव्हती, फक्त थकली होती.

"आत्या, पयल्यांदा आमाला हसू आलं. सासूबाई अंबूबाईच्या घरात गेल्या, त्यांची चूल पेटवली, त्यांच्याच पिठाच्या भाकरी थापल्या. अंबूबाई रानातनं आली तर ह्या तिलाच म्हनत्यात, ये, बस, जेवून जा."

"मग?"

"मग काय, अंबूबाई जेवली. तवा तीबी हसली. पर हे रोजचंच व्हायला लागलं. कुनी म्हनलं भायेरचं लागलंय. आमच्या माहेरचा देवऋषी आनला. त्यो म्हनला, बुडालेल्या गावाचं पानी हिला बोलावतंय, कोंबडं द्या. कोंबडंबी दिलं. मग आमच्या मालकांनी त्येंना पुण्याला डॉक्टरकडं नेलं."

"डॉक्टर काय म्हणाला?"

सुलक्षणानं तोंडाला पदर लावला. "त्यो मानूस चांगला हो. सावकाश इचारत हुता. वार इचारला, ह्यांनी तिथीसकट सांगितला. नातवंडांची नावं सांगितली. मग त्येनं इचारलं, मावशी, ह्या खोलीचं दार कुठल्या बाजूला? ह्या म्हनल्या, खाली. त्यो खाली फरशीकडं बघाया लागला. मग म्हनला, तुमचं घर हितनं कुठं आलं? ह्या म्हनल्या, वर. त्येनं छताकडं बघितलं. मला हसू येतंय का रडू, कळंना."

डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या सुरू होत्या. त्यांनी फरक पडला नाही तर पुण्याच्या मोठ्या मनोरुग्णालयात भरती करा, असं तो म्हणाला होता. आणि आता पाहुण्यांचं हे प्रकरण झाल्यावर इंद्रजितनं ठरवलं होतं. भोरच्या मतीनची जीप दोन दिवसांनी सकाळी यायची होती.

वहिनी आत गोधडीवर पडून होती. मी तिला साठ वर्षं ओळखत होते असं म्हटलं तरी चालेल, कारण ती शेजारच्या वाडीची, लहानपणी आम्ही एकाच झऱ्यावर पाणी भरलं. वेल्ह्याच्या बाजारातून डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन डोंगर चढून येणारी बाई. लग्नानंतर मी तिची नणंद झाले म्हणून मला अहो-जाहो करायला लागली, मी मात्र तिला अगं-तुगंच करत राहिले. गोळ्यांनी तिचे डोळे जड झाले होते आणि उजव्या हाताला कापरं भरलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "खरं सांगा. मला येड लागलंय का वं?"

"तुला काय वाटतं?"

"भायेर पडले की पाय येकीकडं जात्यात आन् जीव येकीकडं. पायाचं ऐकलं की अंबूबाई वरडती. जीवाचं ऐकलं की घरात आल्यागत वाटतच न्हाई. आत येऊन बसते, तरी वाटतं, परक्याच्या दारात बसलीया."

दाराला लाल फडकं बांधून देते म्हणून सुलक्षणानं सुचवलं होतं, म्हणजे खूण राहील. वहिनीनं ते फडकं ओढून फेकलं होतं. "खूण कराया मी काय मेंढरू हाय का?" एवढं बोलताना मात्र तिच्या आवाजात जुनी ठसक होती.

त्या रात्री मी तिच्याशेजारी झोपले. सकाळी उठून तांब्या घेऊन परसाकडला गेले, येताना नळावर तोंड धुतलं, तिथं दोन बायकांशी बोलले आणि बोलता बोलता परत आले. आत येऊन तांब्या ठेवला आणि सुलक्षणाला हाक मारली.

"आता नणंद बी आली!" समोर अंबूबाई उभी होती, हातात केरसुणी. "समद्या खानदानानंच माझं घर धरलंय का? सांगा की, घर रिकामं करून देते! आन् पोरीचं लगीनबी तुमीच लावून द्या!"

माझं डोकं ठिकाणावर होतं. मी गोळ्या खात नव्हते. मी वर्तमानपत्र वाचणारी बाई होते, पंचेचाळीस वर्षं भोरात राहिले होते. तरी माझे पाय मला न विचारता या घरात घेऊन आले होते, आणि उंबऱ्यातून आत येताना मला अगदी बरं वाटलं होतं. माहेरी आल्यासारखं.

मी तशीच पुन्हा बाहेर गेले आणि नळापासून परत चालत आले, या वेळी लक्ष देऊन. अंबूबाईच्या दाराकडे वळलं की पायाला जरा जोर लागत होता. आपल्या दाराकडे वळलं की पाय सैल पडत होता. डोळ्यांना जमीन सपाट दिसत होती आणि पावलांना ती सपाट नव्हती. मी नळाखालून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघितलं. ते रस्ता ओलांडून, आमच्या रांगेतल्या दोन घरांच्या मधून, मागच्या ओढ्याकडे चाललं होतं. म्हणजे समोरच्या रांगेची पाठ उंचाकडे होती, वाडीतल्यासारखी. आमच्या रांगेची पाठ उताराला आणि तोंड चढाला. आमच्या रांगेत घरी यायचं म्हणजे उतरायचं. वहिनी उभ्या आयुष्यात घरात शिरताना कधी उतरली नव्हती.

मला आधी हायसं वाटलं आणि मग संताप आला. एका बाईला कोंबडं कापून झालं, गोळ्या देऊन झाल्या, आता कोंडायला निघाले, आणि कुणी एकानं तिच्यासोबत नळापासून घरापर्यंत चालून बघितलं नव्हतं!

मी आमच्या रांगेतल्या घरोघरी गेले. सरळ विचारलं तर कुणी सांगणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी आधी माझीच फजिती सांगायची. सगुणाबाई शेळीला पाला घालत होती. माझं ऐकून खो खो हसली, मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"आक्का, कुनाला बोलू नगा. ही शेळी हाय ना, तिला मी पान्याला संगं नेती. येताना तिला पुढं घालती. ती जाती त्या घरात मी जाती. गेल्या साली शेळी आजारी हुती तर मी चार दिस नळावरच गेली न्हाई, नातीला धाडलं."

दुसरी एक दारं मोजत यायची. तिसरी आपल्या दारापाशी लावलेला एरंड बघून शिरायची. समोरच्या रांगेत हे काहीच नव्हतं. तिकडच्या बायकांना मी काय विचारतेय तेच समजेना.

शेवटी सावळाराम भेटला. आमच्या रांगेतला, वहिनीच्या वयाचा माणूस. त्याचं नाव गावठाणात दारुडा म्हणून झालं होतं. रात्री उशिरा दुसऱ्याच्या ओसरीवर चढायचा, दार ठोठावायचा, शिव्या खाऊन परतायचा. मी त्याला म्हटलं, "सावळाराम, वाडीत असताना तर तू माळकरी होतास."

त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "अजून बी हाय, आक्का. थेंबाला शिवलो न्हाई."

"मग लोकांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू? घर घावत न्हाई म्हनून? धाकट्या पोरीचं लगीन व्हायचंय. बाप दारू पितो म्हनलं तर लोक म्हनत्यात, पित्यात समदीच. बाप येडा म्हनलं तर पोरीला कोन करंल?"

बघा म्हणजे. एकाच उताराची एकाच रांगेला झालेली बाधा. पुरुष चुकला तर दारू, बाई चुकली तर वेड. आणि जमिनीला कुणी बोल लावला नाही, कारण जमीन कागदावर सपाट होती.

त्या संध्याकाळी इंद्रजित कंपनीतून आला. हायवेच्या कडेला वरव्याच्या पुढं एका कारखान्यात तो कामाला होता. त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. घरी यायचं म्हणजे चढायचं हेही सांगितलं. तो ताटात बोट फिरवत ऐकत होता.

"आत्या, आसलं कुठं आसतंय व्हय?"

"माझे पाय चुकले आज. मलाही ने मग पुण्याला."

"तुमी येकदा चुकला. ती रोज चुकती."

"मी एक दिवस राहिले. ती तीन वर्षं राहतेय! मागच्या भिंतीला दार पाड, इंद्रजित. ओढ्याकडून घरात येऊ दे तिला. चढून येऊ दे."

"मागनं दार?" त्यानं ताट बाजूला सारलं. "समदी घरं रस्त्याला तोंड करून, आन् आमचंच रस्त्याला ढुंगन करून? लोक काय म्हनत्याल? आदीच म्हनत्यात, येडीचं घर."

"लोकांसाठी आईला कोंडणार?"

तेव्हा तो उसळला. "मी काय हौसंनं कोंडतोय का? नाइट करून येतो तर दार सताड उघडं आन् आई न्हाई. फुफाट्यात हुडकत हिंडतो. मागल्या म्हयन्यात जाधवाच्या हिरीच्या कडंला बसल्याली घावली. कठडा न्हाई हिरीला. आत पडली आसती तर तुमीच पयल्या बोलला आसता, पोरानं लक्ष दिलं न्हाई! तिथं निदान दाराला कडी तरी आसंल." आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मला भ्या वाटतंय, आत्या."

मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण आईला विहिरीपासून वाचवायला कडीत घालायचं आणि भिंतीच्या चार विटांना हात लावायचा नाही, हे मला काही केल्या गिळेना. मी त्याला तसं तोंडावर म्हटलं. तो उठून अंगणात जाऊन बसला. वहिनी आतल्या खोलीत जागी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सकाळी मतीनची जीप आली. मतीन आमच्या भोरच्या शेजारणीचा, गुलजारबीचा मुलगा. माझ्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. मला बघून खाली उतरला आणि चाचरत म्हणाला, "खाला, मला म्हायती नव्हतं, कुनाला न्यायचंय." सुलक्षणानं वहिनीची दोन लुगडी पिशवीत भरली होती. जीप बघून माणसं जमली. अंबूबाईही आपल्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

इंद्रजित आईला हाक मारायला आत वळला आणि तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. मग आणखी एक.

आम्ही आत धावलो. वहिनी मागच्या भिंतीपाशी उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, हातात पहार. कापऱ्या हातांनी तिनं ती कशी उचलली, देव जाणे. भिंत मातीत बांधलेली होती. गिलावा पडला होता आणि दोन विटा खिळखिळ्या झाल्या होत्या.

"आई! घर पाडतीस का?"

"घर न्हाई पाडत. दार पाडती." तिनं पुन्हा पहार मारली. "तुज्या आत्यानं सांगितलेलं म्या समदं ऐकलं. तुज्या बानं वाडीत घर बांधलं तवा मला इचारलं हुतं, चूल कुठं पायजे. तू मला काय इचारलंस रं? कायबी न्हाई. घे म्हनलास, ह्ये घर."

दारातून माणसं डोकावत होती. कुणीतरी म्हणालं, "आता तर खातरीच पटली!" इंद्रजितनं पहार धरली. वहिनीनं सोडली नाही. मायलेक पहारीच्या दोन टोकांना धरून उभे राहिले आणि मी मधे शिरले. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही; सुलक्षणा पुढं सांगायची की आत्या, तुमी मास्तरांच्या घरातल्या असून आसल्या शिव्या कुठं शिकला?

मला आठवतं ते सावळारामचं. तो गर्दीतून पुढं आला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी दारू पीत न्हाई. माळेची शपथ. मला घर घावत न्हाई. बनावैनीला न्यायचं आसंल तर माझंबी गठुडं बांधा."

त्याची मुलगी दारात उभी होती, तिनं मान खाली घातली.

"आन् माझी शेळीबी घ्या जीपमदी," सगुणाबाई मागून ओरडली, "तिच्याबिगार मी यायची न्हाई!" त्यावर काही जण हसले. मग ती एरंडवाली बोलली, दारं मोजणारी बोलली. समोरच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, जणू त्यांच्या शेजारी इतके दिवस कुणी परक्या भाषेत बोलत होतं आणि त्यांना ते आजच ऐकू आलं.

पण खरं सांगू का, यातल्या कशानं इंद्रजित हलला नाही. तो पहार घट्ट धरून उभाच होता. हलवलं त्याला अंबूबाईनं. ती गर्दी सारत आत आली, भिंतीकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "आरं, मग काड की बाबा दार मागनं! म्हंजी माझ्या घरात तरी शिरायची न्हाई. पुण्याला न्हेऊन आनल्यावर ती काय ओढ्याकडनं येनार हाय का? माझ्याच चुलीपाशी येनार! पोरीला दुसरं स्थळ यायचंय पुढल्या म्हयन्यात, त्याच्या आत काय ते करा."

बाहेरून मतीननं हाक दिली. "इंद्रजितदादा, गाडी बंद करू का जाऊ? मला वरव्याचं भाडं हाय."

इंद्रजित आईच्या हाताकडे बघत होता. पहारीवर ती बोटं थरथरत होती आणि तरी सुटत नव्हती.

"आशी आडवी मारू नगंस," तो म्हणाला. "वरची वीट सुटली तर पत्रा अंगावर येईल. सरक. मला रेघ आखू दे आदी." आणि मग न वळताच, "मतीन, जा तू."

दुपारपर्यंत भगदाड माणूस वाकून जाईल एवढं झालं. वहिनी त्यातून बाहेर पडली, घराला वळसा घालून रस्त्यावर आली, हंडा घेऊन नळावर गेली. आम्ही सगळे दारात, ओसरीवर, भिंतीशी उभे. परत येताना ती रस्त्याच्या मधोमध थबकली. अंबूबाईच्या दाराकडे तिची मान वळली. मग ती आमच्या दोन घरांच्या मधल्या बोळात शिरली, पाणी जायचं तिथून, आणि मागून चार पावलं चढून भगदाडातून आत आली. हंडा उतरवला आणि तिथंच खाली बसली. रडली नाही, हसली नाही. नुसती भिंतीला पाठ लावून बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "सुलक्षणा, चहा टाक की गं. समदी उपाशी हायती."

लोक मला म्हणतात, शेवट गोड झाला. कसला गोड? तिच्या हाताचं कापरं पुढं कधीच गेलं नाही. सावळारामच्या मुलीला स्थळ मिळायला फार दिवस लागले. दोन रांगांमधल्या एका रांगेनं हळूहळू घरांची दारं मागं नेली आणि तरी त्या मोजणीवाल्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. पुढं दुसरीकडं दुसरं धरण झालं तेव्हा मी मुद्दाम तिथलं नवं गावठाण बघायला गेले. दोन रांगा, मधून रस्ता.

मी निघायच्या आदल्या दिवशी इंद्रजितनं सुताराकडून चौकट आणून बसवली. वहिनीनं रस्त्याकडच्या भिंतीला डोकं करून अंथरूण घातलं होतं आणि आम्ही दोघी नव्या दारात, ओढ्याकडं तोंड करून शेंगा फोडत बसलो होतो. पलीकडच्या रस्त्यावरून कुणीतरी जाताना हसून म्हणालं, "ह्ये बघा, येडीचं घर. रस्त्याला पाठ."

मी पदर खोचून उठले. वहिनीनं माझा हात धरला.

"बसा वन्सं. म्हनू द्या त्यास्नी. मी घरी हाय."

ती घरी होती, म्हणून तिला बसणं जमलं. मला जमलं नाही. मी तिचा हात सोडवला, बोळातून वर रस्त्यावर गेले, आणि त्या माणसाला थांबवून जे बोलायचं ते सगळं बोलून आले.